मळणाऱ्यांचं जेवण

वृंदाताई,

इथल्या मराठी मंडळाच्या अंकात तुमच्यावर लिहायला मला सांगितलं आहे. जन्म, शिक्षण, जर्मनीत येनातल्या संस्थेतली नोकरी, निवृत्ती, हे सगळं चौकटीत वेगळं येणार आहे. ते दुसऱ्या कोणी लिहिलं आहे, मी तपासलं आहे, त्यात चूक नाही. माझ्या वाट्याला जे उरलं ते चौकटीत बसणारं नाही.

तुमच्या लेखातून मी एक परिच्छेद काढला. त्यानंतर काही महिन्यांनी तुमच्या खाटेशेजारी छत्तीस मिनिटं बसलो आणि करायची ती एक गोष्ट केली नाही. मग तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलीशी खोटं बोललो. क्रमाने सांगतो. क्रमाने सांगण्यापलीकडे मला फारसं काही येत नाही, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात.

पहिल्यांदा भेटलो ते मंडळाच्याच एका जुन्या अंकासाठी. परदेशातले मराठी संशोधक अशी लेखमाला होती आणि मी कोलोनहून येनाला आलो होतो. पुण्यातल्या वर्तमानपत्रात चौदा वर्षं काढलेला माणूस, वही उघडून बसलो. तुम्ही वहीकडे बघितलंच नाही. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याशेजारी तुमचा जुना सूक्ष्मदर्शक होता. त्याखाली तुम्ही एक दोरा ठेवला आणि मला खुर्चीवर बसवलंत.

"काय दिसतं?"

"दोरा."

"ते मलाही बिनचष्म्याचं दिसतं. अजून बघ."

"मध्ये मध्ये जोड आहेत."

"त्या बोटांच्या जागा. भांगेच्या खोडाची साल सोलून तिचे तंतू जोडत जोडत बाई डोंगर चढता चढता सूत काढते. पाठीवर लाकडं, हातात सूत. हे पोत्याचं आहे." मग थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात, "पाच मिनिटं झाली, तू एकही प्रश्न विचारला नाहीस. बरं लक्षण आहे."

नंतर काळ्या जर्मन पावाला एक करडी चटणी लावून समोर ठेवलीत. मला ती कारळ्याच्या चटणीसारखी लागली. कशाची ते सांगितल्यावर माझा हात थांबला. तुम्ही हसलात. "बिया आहेत रे, बियांनी काही होत नाही. खाली बायोलाडेनमध्ये, त्या सेंद्रिय मालाच्या दुकानात मिळतात. पाकिटावर हृदयाचं चित्र आहे. पश्चिम नेपाळात हीच चटणी घरोघरी असते, तिच्यावर कोणी चित्र काढत नाही."

त्या दिवशी मी तीन पाव खाल्ले. हे आज मुद्दाम नोंदवतो आहे.

पुढची सहा वर्षं दर रविवारी आपला फोन असायचा. माझ्या लिहिण्यातली विशेषणं तुम्ही काढायचात, तुमच्या लिहिण्यातल्या उपमा मी. माझी आई गेली तेव्हा तुम्ही सांत्वनाचं एकही वाक्य बोलला नाहीत. तिच्या हातचं काय काय मला येतं, एवढंच विचारलंत आणि फोनवरून मला आमटी करायला लावलीत. तो उपकार मी कधी बोलून दाखवला नाही. इथे लिहून ठेवतो.

मग इथला कायदा बदलला. घरात भांगेची तीन झाडं लावायला परवानगी आली, क्लब निघाले, आणि आयटीतली आपली मुलंसुद्धा तुम्हाला विचारू लागली, कारण तुम्ही तरुणपणी नेपाळच्या डोंगरात खोडांचे नमुने गोळा करत हिंडला होतात हे सगळ्यांना ऐकून माहीत होतं. मी म्हटलं, एकदाच काय ते लिहा. तुम्ही नऊ हजार शब्द पाठवलेत. आम्हाला जागा तीन हजारांची होती.

मंडळाच्या अध्यक्षांचा फोन त्याच संध्याकाळी आला. "अहो, चरस? दिवाळी अंकात? लोकांचे आइनब्युर्गरुंगचे, नागरिकत्वाचे अर्ज चालू आहेत. शिवाय मुलं वाचतात."

"मुलं मराठी वाचत नाहीत," मी म्हटलं.

"गेनाऊ, तेच तर. म्हणजे आईवडील मोठ्याने वाचून दाखवणार! निदान शीर्षकात भांग नको. होळीचा अंक असता तर मीच म्हटलं असतं, घाला."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की फोन खाली ठेवावा लागला. शीर्षक बदलायला लगेच तयार झालात. लेखाच्या बाकीच्या कापाकापीलाही तुम्ही फार विरोध केला नाहीत. झाडाची पानं हगवण लागलेल्या गुरांना देतात तो भाग लहान केला, चाललं. शिवरात्रीला साधूंना द्यायचा वाटा दोन ओळींत आणला, चाललं. नेपाळातली परवानाधारक दुकानं एका वर्षी बंद झाली आणि काल शेती करणारी माणसं आज गुन्हेगार ठरली, तो भाग मी पूर्ण ठेवला. त्याखालचं तुमचं वाक्यही ठेवलं: "जे धूर ओढायला तिथे गेले होते ते परत येऊन म्हातारे झाले, आणि त्यांना आता तीन झाडांची परवानगी मिळाली, ज्यांनी झाड लावले होते त्यांना अजून नाही."

मळण्याचं वर्णनही राहिलं. शरदात फुलोऱ्यावर आलेलं झाड उभंच तळहातांत धरून मळायचं. घाई केली की पानांचा हिरवा रस निघतो. सावकाश मळलं की काळा डिंक तळहाताला धरतो, आणि जगात चरस म्हणून जातं ते हेच, माणसाच्या हातावरून खरवडलेला थर. हे दोन जुन्या प्रवासवर्णनांत सापडत होतं, म्हणून मला चाललं.

त्याच्या पुढचा परिच्छेद मी काढला. त्यात मळणाऱ्या माणसांचं दुपारचं जेवण होतं. हात भरलेले, म्हणून दुसऱ्याने भरवायचं. त्याची शेवटची दोन वाक्यं मी पहिल्याच खर्ड्यात काढली होती. समासात लिहिलं होतं, "उपदेश वाटतो." दुसऱ्या खर्ड्यात पूर्ण परिच्छेद गेला. समासात लिहिलं, "स्रोत?"

आपण त्यावर एक तास नऊ मिनिटं भांडलो.

"स्रोत मी," तुम्ही म्हणालात. "मी तिथे बसून जेवले आहे."

"एका घरात, एका हंगामात. त्यावरून रीत म्हणता येत नाही. दुसऱ्या कोणी लिहिलं आहे का?"

"जे धूर ओढायला गेले ते लिहीत होते. त्यांना दुपारचं जेवण दिसलं नाही, हा माझा दोष?"

"मी दोष म्हणत नाही. दुजोरा म्हणतोय."

"तुझ्या पेपरात नवरा-बायको जेवले असं छापायचं तर दोघांचे जबाब घेता का रे?"

मी हसलो नाही. मी म्हटलं की या परिच्छेदाने एका अमली पदार्थाला घरगुती, मायाळू रूप येतं आणि वाचक हळवा होतो. तेव्हा तुमचा आवाज खाली आला. गावातला तो माणूस, दिवसभर ओढून पडून राहणारा, ज्याला कोणी शेतावर घेत नसे, त्याच्यावरचा परिच्छेद तुम्ही स्वतःच लिहिला होता, मी मागितला नव्हता. "तो ठेवलास," तुम्ही म्हणालात. "पडलेला माणूस ठेवलास आणि जेवणारी माणसं काढलीस. ठीक आहे. संपादक तू."

अंक निघाला. तुमचा संदेश आला: "अंक मिळाला. छपाई चांगली आहे." त्या पाच शब्दांवर मी त्या दिवशी समाधान मानलं. छपाईबद्दल तुम्ही एरवी कधीही बोलत नसत, हे मला कळत होतं.

रविवारचे फोन चालू राहिले. आजारपणाबद्दल तुम्ही जानेवारीत सांगितलंत, पावसापाण्याचं सांगावं तसं. औषधं चालू आहेत, बरी आहे, पुढचं विचार. मी पुढचं विचारलं. फोन आता स्पीकरवर असायचा, तुमचा आवाज खोलीतून आल्यासारखा वाटायचा. त्याचं कारण मी विचारलं नाही.

मार्चमध्ये रेवाचा फोन आला. तुमची मुलगी माझ्याशी नेहमी जर्मनच बोलते, मी मराठीत उत्तर देतो, आणि 'मामा' एवढा एकच शब्द दोघांना सामाईक आहे. ती म्हणाली, "मामा, मंगळवारी मला लाइपझिगला जावं लागणार आहे. तू आईकडे येशील? पण बाराला तिथे हवास. बारा महत्त्वाचं आहे."

मला वाटलं, भेटीची वेळ. वहीत लिहिलं: मंगळवार, १२.

एरफुर्टला गाडी बदलून मी पावणेबाराला रुग्णालयात पोहोचलो. तुम्ही उशीला टेकून बसला होतात. हातांत पांढरे सुती मोजे होते. मी विचारलं, "थंडी वाजते का?" तुम्ही म्हणालात, "गार वस्तू सोसत नाही बोटांना." मी मान हलवली. नवख्या वार्ताहराने इतक्यावर सोडलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

बारा वाजून चार मिनिटांनी जेवणाचं ताट आलं. बटाट्याचा लगदा, पालक, दह्याची वाटी. आणणाऱ्या बाईंनी झाकण काढलं, माझ्याकडे बघून हसल्या आणि गेल्या. त्यांची काही चूक नव्हती. खाटेशेजारी घरचा माणूस बसलेला होता.

मी सोबत तुमच्या लेखाची प्रत आणली होती. अंक संकेतस्थळावर टाकायचा होता आणि काही दुरुस्त्या विचारायच्या होत्या. टेबलावर जागा नव्हती. मी ताट उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवलं आणि तिथे कागद पसरले.

तुम्ही कागदांकडे बघितलंत, मग खिडकीकडे. म्हणालात, "तो परिच्छेद परत घाल."

मी म्हटलं, "बघू. तुम्ही इथे खूण करून ठेवा, कुठे घालायचा ते." आणि पेन पुढे केलं.

"तूच कर खूण," तुम्ही म्हणालात. "तुझे हात मोकळे आहेत."

मला वाटलं, दमला आहात. मी खूण केली. मग आपण बोललो. तुम्ही धनमायाबद्दल बोललात, नेपाळातल्या त्या घरातली सून, तुमच्याच वयाची. तिला सूत काढताना बोलायला आवडायचं आणि मळताना अजिबात नाही. मी म्हटलं, "ताई, जेवण गार होतंय." तुम्ही म्हणालात, "हो ना." एवढंच. मी पुन्हा कागदांकडे वळलो.

बारा चाळीसला त्या बाई परत आल्या. कठड्यावरचं ताट त्यांनी बघितलं. "भूक नव्हती?" हे त्यांनी जर्मनमध्ये विचारलं, तुम्हाला नाही, मला. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही म्हणालात, "नाही, दांके." ताट गेलं. छत्तीस मिनिटं. वेळ मी टिपली होती कारण परतीची गाडी दीडची होती.

एरफुर्टला मी चीज घातलेलं ब्रोटशन घेतलं. भूक लागली होती.

तीन आठवड्यांनी तुम्ही गेलात.

निरोपाच्या दिवशी सगळे निघाल्यावर रेवा माझ्याजवळ येऊन बसली. तिच्याकडून मला कळलं की औषधांनी तुमच्या बोटांतली जाणीव जानेवारीतच गेली होती. चमचा धरता येत नव्हता, पेन नाही, फोन नाही. मोज्यांच्या आत बोटं होती, पण ती तुमची राहिली नव्हती. दुपारचं जेवण रोज ती स्वतः भरवायची, सुट्टी काढून. "ती परक्याकडून खायची नाही," रेवा म्हणाली. "एकच दिवस मला जमलं नाही, पण मला काळजी नव्हती, तू होतास. तुम्ही दर रविवारी बोलता, म्हणजे तिने तुला सांगितलंच असणार." मग तिने विचारलं, "त्या दिवशी ती काय जेवली?"

मी म्हटलं, "बटाटे. थोडे बटाटे."

ती म्हणाली, "छान. बटाटे तिला आवडायचे."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी जाणूनबुजून खोटी माहिती कधी दिली नव्हती. पहिली दिली ती तुमच्या मुलीला, तुमच्या शेवटच्या दिवसांबद्दल, आणि त्या माहितीचा तिने आधार घेतला.

हा लेख लिहायला बसलो तेव्हा तुमचा नऊ हजारांचा खर्डा पुन्हा उघडला. काढलेला परिच्छेद लाल अक्षरांत तिथेच होता. शेवटची दोन वाक्यं मी विसरून गेलो होतो. ती वाचली आणि लेख तसाच ठेवला. आधी रेवाला सांगायला हवं होतं. ती मराठी वाचत नाही, म्हणजे इथे छापून मी मोकळा झालो असतो आणि तिला कळलंही नसतं. ही पळवाट मला दिसली होती, हेही नोंदवतो.

गेल्या रविवारी, आपल्या फोनच्या वेळेला, मी येनाला होतो. रेवा तुमच्या स्वयंपाकघरात सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या कागदात गुंडाळत होती. मी तिला जर्मनमध्ये सांगितलं, लहान वाक्यांत, म्हणजे काही निसटायला नको. तुझी आई त्या दिवशी जेवली नाही. ताट मी बाजूला ठेवलं. बटाट्यांचं मी खोटं सांगितलं.

तिने हातातली काचपट्टी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ती उपाशी होती. आणि तू समोर होतास."

"हो."

"मग तिने मागितलं का नाही?"

याचं उत्तर तुम्ही लिहून ठेवलं होतं. मी खिशातून कागद काढला आणि मराठीतच वाचला, सावकाश. ऐकलेलं तिला सगळं कळतं.

"मळण्याच्या दिवसांत घरातल्या एकाने हात स्वच्छ ठेवायचे असे सकाळीच ठरते. तो त्या दिवशी झाडाला शिवत नाही. बाकीचे मळत राहतात. तळहातांवर काळा थर चढतो. संध्याकाळी खरवडेपर्यंत हात धुता येत नाहीत आणि त्या हातांनी घासही घेता येत नाही. दुपारी सगळे बांधावर ओळीने बसतात आणि स्वच्छ हातांचा माणूस नाचणीच्या उकडीचे घास करून एकेकाला भरवतो. स्वतः शेवटी जेवतो. धनमाया आणि तिची सासू तीन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी स्वच्छ हात सासूचे होते. ती सुनेपुढे बसली, घास तोडला, फुंकून निववला आणि भरवला. शब्द निघाला नाही, पण घासही चुकला नाही. चौथ्या दिवशी त्यांनी मलाही मळायला उभे केले आणि मलाही भरवले. हात भरलेल्याने मागायचे नसते. कधी, किती, पाणी केव्हा, हे स्वच्छ हातांच्या माणसाने बघायचे असते."

रेवा टेबलाकडे बघत होती. तुमच्या काचपट्ट्या अर्ध्या गुंडाळलेल्या, अर्ध्या उघड्या.

"पुन्हा," ती जर्मनमध्ये म्हणाली.

तेव्हा मला दिसलं की ती सकाळपासून कागद फाडत, गुंडाळत बसली आहे आणि तिच्या पुढ्यात काहीच नाही. मी उठलो, नळाचं पाणी ग्लासात भरलं आणि तिच्या हाताशी ठेवलं. तिने त्याला हात लावला नाही. मी बसलो आणि पहिल्या शब्दापासून वाचायला लागलो.

तुमचा परिच्छेद या अंकात तुमच्या नावाने, पूर्ण, शेवटच्या दोन वाक्यांसकट येतो आहे. स्रोत एकच आहे आणि तो मी तपासलेला नाही.

दुसऱ्यांदा वाचून मान वर केली तेव्हा ग्लास अर्धा झाला होता. किती वाजले होते, ते मी टिपलेलं नाही.